शिंप्याच्या टोपलीतलं मांजर

३ ऑगस्ट

प्रिय ठकू,

शनिवारी तुझ्या शाळेला सुट्टी असायची आणि मला अर्धा दिवस काम, म्हणून तू माझ्याबरोबर लॅबमध्ये यायचीस. खिडकीजवळच्या उंच स्टुलावर बसून तू काचपट्ट्यांची लेबलं जिभेनं ओली करून द्यायचीस आणि मी ती चिकटवायचे. दुपारपर्यंत तुझी जीभ गोंदानं पांढरी व्हायची. एकदा तू विचारलंस, "आई, यातलं कोण आजारी आहे?" मी म्हटलं, "यातलं कुणीच इथे नाहीये." तू पुढचं लेबल चाटलंस.

परवा कपाट आवरताना त्या लेबलांची एक पट्टी सापडली. न वापरलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. म्हणून आठवलं.

मुंगीला घेऊन जाताना तू दारात म्हणालीस, "फोन करू नकोस, आई. फोनवर तू नेहमी बरोबर असतेस. लिही. मी काही विचारणार नाही. न विचारता सांग. सगळं सांगून झालं की मुंगीला पुढच्या सुट्टीत पाठवायचं की नाही ते मी बघेन." याला सात आठवडे झाले. मी तीनदा लिहायला बसले आणि तिन्ही वेळा पाण्याची टाकी, गुडघा आणि शेजारणीच्या जावयावर दोन-दोन पानं लिहून फाडली. आज तसं करणार नाही. तुला माहीत आहे तेही लिहिते, नाहीतर सुरुवात कुठून करायची तेच मला कळत नाही.

तू सहा आठवड्यांच्या ट्रेनिंगला गेलीस, मुंगीचे बाबा बोटीवर, म्हणून मुंगी माझ्याकडे राहिली. जाण्याआधी तू मला एक कागद दिला होतास. दात घासणं, झोपायची वेळ, दुधात साखर एकच चमचा. (या एका चमच्यामुळेच तर तिचं नाव मुंगी पडलं, ते आपण दोघी जाणतो. मी दीड घालायचे.) सर्वांत खाली तू लिहिलं होतंस, "मांजराचा लळा लावायचा नाही."

दुसऱ्याच आठवड्यात खालच्या शिंप्याच्या दुकानात मांजरीचं पिल्लू आलं. राखाडी, पुढचा एकच पाय काळा, शाईत बुडवल्यासारखा. मुंगीनं तिचं नाव दौत ठेवलं. शिंप्यानं तिला कापडाच्या कातरणांच्या टोपलीत जागा दिली आणि दिवसभर तिच्या नावानं ओरडत राहिला. "ताई, माप घेताना हिनं टेप ओढली. त्या बाईंची कंबर चौतीसची चाळीस लिहिली मी. आता त्या झग्यात दोघी मावतील." रोज दुपारी चार वाजता आम्ही खाली जायचो. मुंगी टोपलीजवळ फतकल मारून बसायची आणि मी शिंप्याच्या बाकावर. मी दौतला वर आणू दिलं नाही. माझ्या मनात मी तुझा कागद पाळत होते. मांजर घरात नव्हतं.

चार मे रोजी दौतनं मुंगीच्या डाव्या हातावर ओरखडलं. दोन रेघा, तिसरी अर्धी. टोपलीतून दोरा ओढायचा खेळ चालला होता, मांजराची चूक नव्हती. मी साबणानं धुतलं, औषध लावलं. मुंगी म्हणाली, "आजी, आईनं विचारलं तर काय सांगू?"

मी म्हटलं, "ओरखडा आहे, असं सांग."

रात्री तू फोनवर तिचा हात पाहिलास आणि विचारलंस, "हे काय झालं गं?" मुंगी म्हणाली, "हा ओरखडा आहे." पूर्ण वाक्य. तू हसलीस आणि म्हणालीस, "अगदी आजीसारखी बोलायला लागलीस."

हे तुला माहीत नव्हतं. ओरखडा पाहिलास, पण ते उत्तर तिला कुणी शिकवलं ते माहीत नव्हतं.

आज इतकंच जमतंय. गुडघा बरा आहे.

आई

—

१८ ऑगस्ट

प्रिय ठकू,

तुझं कार्ड मिळालं. "परवा डोळ्यांची तपासणी झाली. पाच ओळी वाचल्या. पुढचं लिही." तीन वाक्यं. मी ते शिंप्याला दाखवलं तर त्यानं सुई तोंडातून काढून विचारलं, "तक्त्यावर एकूण किती ओळी असतात, ताई?" मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे, चष्म्याच्या दुकानात जाऊन मोजल्या. सात. वरचं एकटं मोठं अक्षर धरून.

पुढचं लिहिते.

वीस मेला मुंगीला ताप आला. सकाळी उतरायचा, संध्याकाळी चढायचा, रोज एकशे तीनच्या आसपास. सर्दी नाही, खोकला नाही, घसा लाल नाही. पोटात दुखतं म्हणायची, पण कुठे ते नीट दाखवायची नाही, सगळ्या पोटावरून हात फिरवायची. आपल्या गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा औषध बदललं. एकोणतीसला तू ट्रेनिंग अर्धवट टाकून आलीस आणि आपण तिला मोठ्या हॉस्पिटलात दाखल केलं. हे सगळं तू माझ्याइतकंच पाहिलं आहेस.

सोनोग्राफीत लिव्हरमध्ये आणि प्लीहेत बारीक ठिपके दिसले, मोहरी सांडल्यासारखे. ते सांगताना मुलांचे डॉक्टर आपल्याकडे न बघता पडद्याकडे बघत होते. एवढी वर्षं लॅबमध्ये काढल्यावर मला कळतं, डॉक्टर कुणाकडे बघत नाहीत तेव्हा त्यांच्या मनात काय असतं. तेही तुला मी तेव्हा सांगितलं नाही. टीबी, नाहीतर रक्ताचा काही मोठा आजार.

मग त्यांनी प्रश्न विचारले. गावाला गेला होतात का? कच्चं दूध? घरात कुणाला जुना खोकला? घरात कुत्रा-मांजर?

तू माझ्याकडे पाहिलंस, कारण महिनाभर ती माझ्याकडे होती.

मी म्हटलं, "नाही. घरात मांजर नाही."

त्यांनी कागदावर फुली मारली आणि पुढे गेले.

मिशनच्या शाळेत आम्हाला एक सिस्टर शिकवायच्या. त्यांच्या हातात नेहमी एक लाल पेन्सिल असायची. तोंडी परीक्षेत त्या सांगायच्या, "पूर्ण वाक्यात उत्तर द्या आणि विचारलं तेवढंच द्या." न विचारलेलं एक वाक्य जास्त बोललं की अर्धा गुण जायचा. मी त्या विषयात दरवर्षी पहिली यायचे. अजून आठवतं, माझा एकही अर्धा गुण कधी गेला नाही. तुला मी तसंच शिकवलं. मुंगीलाही मीच, नकळत. डॉक्टरांनी तिलाही विचारलं होतं, "तुला कुठलं मांजर किंवा कुत्रा चावला का?" ती म्हणाली, "मला कुठलंही मांजर चावलं नाही." खरंच होतं ते. चावलं नव्हतं.

डोळ्याच्या दिवसाबद्दलही लिहिते, कारण तू तेव्हा खाली फॉर्म भरायला गेली होतीस आणि सुरुवात तू पाहिली नाहीस.

मुंगीचा एक खेळ होता. तर्जनी नाकासमोर धरायची आणि एकेक डोळा आळीपाळीनं मिटायचा, म्हणजे बोट उडी मारतं. त्या सकाळी ती कॉटवर पडून तोच खेळ खेळत होती. एकदम थांबली आणि म्हणाली, "आजी, या डोळ्यानं बोट उडी मारत नाही. नाहीसंच होतं."

"नाहीसं म्हणजे?"

"कडेनं दिसतं. मध्ये धूर आहे."

मी लगेच नर्सला बोलावलं. एवढं मात्र मी लगेच केलं, ठकू.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई दुपारी आल्या. तू तोवर परत वर आली होतीस. बाई ठेंगण्या, आवाज मोठा, गळ्यात चष्म्याच्या दोन दोऱ्या. मुंगीच्या डोळ्यात थेंब घातले, खोली अंधारी केली, बराच वेळ पाहिलं. मग दिवा लावून त्या खुर्चीवर मागे रेलल्या आणि आपल्याला विचारायचं सोडून सरळ मुंगीशी बोलल्या.

"काय गं, तुझ्या डोळ्याच्या आत एक तारा काढलेला आहे. चित्रात काढतात तसा. माहीत आहे?"

"नाही."

"मांजर कुठे आहे?"

मुंगीनं माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाली, "शिंप्याच्या टोपलीत."

"त्याचं नाव काय?"

"दौत. पण तो ती आहे."

त्या हसल्या आणि मग तुझ्याकडे वळून त्यांनी सगळं समजावलं. मांजराच्या पिल्लाच्या अंगावर पिसवा असतात, पिसवांमधून एक जंतू नखात येतो, ओरखड्यातून मुलाच्या अंगात जातो. बहुतेक मुलांना काखेत नाहीतर मानेत गाठ येते आणि आपोआप जिरते. "पण काही मुलं सरळ वाटेनं जात नाहीत," त्या म्हणाल्या. "एखाद्याला नुसता ताप, महिनाभर. एखाद्याच्या लिव्हरमध्ये ठिपके. एकाच्या हाडात. एक मुलगा तर वर्गात फळ्यासमोर उभा असताना फिट येऊन पडला होता, त्याच्या घरी चार पिल्लं होती आणि कुणी मांजराचा म पण काढला नव्हता. हिच्या बाबतीत पोट आणि डोळा, दोन्ही. रक्ताची तपासणी पाठवू. मला वाटतं, बरी होईल. डोळा थोडा वेळ घेईल."

आणि मग तू माझ्याकडे पाहिलंस.

मी त्याबद्दल लिहिणार नाही, कारण तिथे तू होतीस.

आई

—

३१ ऑगस्ट

प्रिय ठकू,

या वेळी कार्ड आलं नाही. बरोबर आहे. मागच्या पत्रात मी तुला माहीत असलेलंच सुंदर अक्षरात लिहून पाठवलं.

आज ते लिहिते जे कुणालाच माहीत नाही.

मला हा आजार माहीत होता.

तीस वर्षं मी लॅबमध्ये रोग्यांच्या अंगातून काढलेल्या, मेणात बसवलेल्या तुकड्यांचे काप काढले. केसापेक्षा पातळ काप, पाण्यावर तरंगवायचे, काचेवर उचलायचे, रंगवायचे. वर्षा-दोन वर्षांनी एखादी गाठ यायची, बहुतेक लहान मुलाची, आणि कागदावर मोठ्या डॉक्टरांनी लिहिलेलं असायचं, "मांजराचा ओरखडा?" त्यासाठी एक चांदीचं रसायन वापरून रंग द्यावा लागायचा. फार नखरेल रंग. भांड्याला नुसतं बोट लागलं तरी सगळी काच काळी पडायची. मोठे डॉक्टर तो दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. म्हणायचे, "हा बाईंनाच द्या, त्यांचा हात कापत नाही." पिवळ्या जमिनीवर बारीक काळ्या काड्या दिसायच्या, तेच ते जंतू. मी त्या पाहिल्या आहेत.

म्हणून बावीस मेपासून, म्हणजे ताप येऊन दोनच दिवस झाले होते तेव्हापासून, मी मुंगीला आंघोळ घालताना रोज तिच्या काखेत बोटं फिरवत होते. डावी काख, कोपराच्या आतली बाजू, मान, हनुवटीखाली. ती गुदगुल्या होतात म्हणून खिदळायची. मी म्हणायचे, "साबण राहिलाय." गाठ नव्हती. एकदाही नव्हती. हॉस्पिटलातही नर्सनं स्पंज केल्यावर मी पुन्हा बघायचे. गाठ नव्हती.

आणि मी स्वतःला सांगितलं, गाठ नाही म्हणजे हे ते नाही.

त्याचं कारण मला आत्ता, तीन महिन्यांनी कळतंय. माझ्या टेबलावर फक्त गाठीच यायच्या. ज्या मुलांना गाठ आली त्यांचीच कापून माझ्याकडे पाठवली जायची. ज्यांच्या लिव्हरमध्ये गेलं, हाडात गेलं, डोळ्यात तारा उमटला, त्यांचं माझ्या टेबलावर कधी काही आलंच नाही. एवढी वर्षं मी एका खिडकीतून बघत होते आणि रस्ता तेवढाच आहे असं समजत होते.

पण हेही पूर्ण खरं नाही. गाठ नव्हती म्हणून मी खात्रीनं गप्प बसले असते तर रोज कशाला शोधली असती?

दोन जून, बुधवार. कमरेच्या हाडातून तपासणीसाठी मज्जा काढायची होती. आत एकीलाच सोडत होते, मी गेले. मुंगी पालथी पडून होती. म्हणाली, "आजी, दुखेल का?" मी म्हटलं, "आधी झोपेचं औषध देतील." पुन्हा तेच, ठकू. तिनं काय विचारलं आणि मी काय सांगितलं ते बघ. तिला दुखलं. औषधाची गुंगी उतरल्यावर दोन दिवस ती कुशीवर वळताना ओठ चावायची.

आणि त्याच्या आदल्या दिवशी, मंगळवारी, पाण्याच्या मशीनपाशी तू मला थेट विचारलं होतंस. "न विचारलेलं" म्हणून मी इतका वेळ ज्याच्यामागे लपले, ते इथे संपतं. तू पेला भरत होतीस, तो भरून वाहायला लागला तरी बटण दाबून धरलं होतंस. तू म्हणालीस, "आई, माझं काही राहतंय का? काही सांगायचं राहिलंय का आपलं?"

मी म्हटलं, "डॉक्टर सगळं बघतायत."

ते तुझ्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. सिस्टरांनी पूर्ण शून्य दिलं असतं.

मंगळवारी मी तोंड उघडलं असतं तर बुधवार झाला नसता. डोळ्याचं काय झालं असतं ते मला सांगता येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध चार दिवस आधी सुरू झालं असतं तरी फार फरक पडला असता असं नाही. मी त्यांना दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "आजी, तुम्हाला माझ्याकडून हवंय तरी काय? शिव्या की माफी? दोन्ही माझ्याकडे नाहीत."

मांजराच्या डॉक्टरांकडे दौतला मीच नेलं. त्यांनी मानेवर टाकायचे पिसवांचे थेंब दिले आणि मांजराला बाकी काही करायची गरज नाही म्हणाले. शिंपी टोपली आणि कातरणं गरम पाण्यात बुडवून आला. म्हणाला, "ताई, मला आयुष्यभर पिसवा चावल्या, मला कुणी थेंब दिले नाहीत." पण महिन्याच्या महिन्याला थेंब तोच टाकतो, कॅलेंडरवर खूण करून.

आज मी उत्तराची वाट बघत नाही.

आई

—

२१ सप्टेंबर

प्रिय ठकू,

पाकीट मिळालं. आत तुझं काही नव्हतं, मुंगीचं चित्र होतं. टोपली, टोपलीत एक काळा पाय, बाकी मांजर कातरणांखाली. आणि मागच्या बाजूला तिच्या अक्षरात, "डाव्या डोळ्याने काढले. सहा ओळी." मी ते चित्र शिंप्याच्या आरशाच्या चौकटीत खोचलं आहे. गिऱ्हाइकं कपडे घालून बघताना त्याच्याकडे बघतात.

आता शेवटचं. हे लिहिल्यावर माझ्याकडे सांगायचं काही उरणार नाही.

तू विचार केला असशील, आई गप्प का बसली? रागावशील म्हणून? तू माझ्यावर कितीतरी वेळा रागावली आहेस, त्यानं मी कधी मेले नाही. मांजर हा शब्द तुझ्यासमोर काढायला मी घाबरले. आपल्या दोघींमध्ये तो शब्द आधीच होता.

तू नऊ वर्षांची होतीस. पोतडी आठवते? उचलली की चारी पाय सोडून पोत्यासारखी लोंबायची म्हणून पोतडी. एक दिवस तू शाळेतून आलीस आणि विचारलंस, "पोतडी कुठे आहे?" मी म्हटलं, "पोतडी गेली." तू जिन्यावर बसून रडलीस. मी शेजारी बसले आणि तुझे केस विंचरले.

पोतडी गेली नव्हती. मी दिली होती. त्याच सकाळी लॅबच्या शिपाईमामांबरोबर, झाकणाच्या टोपलीतून. तुझ्या बाबांना मांजराच्या केसांनी दम लागायचा. रात्री उशी भिंतीला लावून बसून राहायचे. तेच म्हणाले, "तिला सांगू नकोस. जन्मभर मला दोष देईल." म्हणून मी असं वाक्य शोधलं ज्यात कुणाचंच नाव नव्हतं. ते किती नेमकं जमलं याचा मला तेव्हा थोडा अभिमानसुद्धा वाटला, हे लिहायला आज लाज वाटते.

मग तू जिन्यावर बशी ठेवायला लागलीस. रोज रात्री दूध. सकाळी रिकामी बशी बघून म्हणायचीस, "आली होती! रात्री येऊन गेली!" ठकू, ती बशी मी रिकामी करत होते. तू उठायच्या आत, मोरीत. मला वाटायचं, भरलेली बशी बघून तुला वाईट वाटेल. महिनाभर मी तुला एका मांजराची वाट बघायला लावली जे तीन गल्ल्या सोडून शिपाईमामांच्या दारात ऊन खात पडलेलं असायचं. मग एका सकाळी मला उशीर झाला. तू आधी उठलीस आणि बशी भरलेली पाहिलीस. त्या दिवसानंतर तू बशी ठेवली नाहीस. पुन्हा कधी मांजराचं नावही घेतलं नाहीस, थेट मुंगीच्या त्या कागदावर लिहीपर्यंत.

पोतडी तिथे अकरा वर्षं जगली. दोनदा व्याली. मला माहीत होतं, कारण शिपाईमामा दर सोमवारी मला तिची खबर द्यायचे. तुझं कॉलेज संपलं त्या वर्षी ती म्हातारी होऊन मेली आणि मी रंगांच्या खोलीत दार लावून रडले. बाबाही तेव्हा नव्हते. सांगायला हरकत घेणारं कुणी उरलं नव्हतं. तरी सांगितलं नाही, कारण तू विचारलं नव्हतंस.

यंदा मुंगी टोपलीजवळ बसून खिदळायला लागली तेव्हा मला वाटलं, चला, एका मुलीचं मांजर घेतलं, दुसरीला दिलं. माझ्या मनात फिटल्यासारखं झालं. आणि ओरखडा आला तेव्हा दोन मांजरं एकदम समोर उभी राहिली. एकाबद्दल तोंड उघडलं असतं तर दुसरंही आलं असतं. म्हणून मी मुंगीच्या काखेत गाठ शोधत राहिले. गाठ सापडली असती तर कदाचित बोलले असते. कदाचित. हा शब्द शाळेत चालत नसे.

संपलं. आता खोक्याबद्दल.

शिंपी शुक्रवारी तुमच्या भागात कपडे पोचवायला येतोय. त्याच्याबरोबर एक खोकं पाठवते. त्याला पाणी विचार, बोलायला लावलंस तर दोन तास उठणार नाही, म्हणून आधीच ठरव.

वरचं निळं पाकीट मुंगीच्या डॉक्टरांसाठी आहे, आणि त्याचीच दुसरी प्रत डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंसाठी. चार मेपासून सगळं तारखेनुसार लिहिलं आहे: ओरखडा कुठे, किती रेघा, ताप कोणत्या दिवशी किती, गाठ शोधली आणि नव्हती तेही. मुलांच्या डॉक्टरांनी ज्या ओळीवर फुली मारली होती तिच्यासमोर मी बरोबर उत्तर लिहिलं आहे. त्यांना म्हणावं, पुढच्या आजीला "घरात" असं विचारू नका. मांजर कुठे आहे, असं विचारा.

लेबलांची पट्टी मुंगीला. गोंद अजून चिकटतो, मी एक चाटून पाहिलं.

मेणाचे काप उचलायचा माझा बारीक ब्रश तिलाच, चित्रांसाठी. मांजराच्या मिशा काढायला बरा पडेल. दुधातल्या अर्ध्या चमच्याबद्दल तू वाचलंच आहेस, तेव्हा तो आता तुझ्या हातात.

फोटो तुला. मागे तारीख आहे. शिपाईमामांच्या दारात पोतडी, अंगावर ऊन, पोट मोठं, तेव्हा तिची पहिली पिल्लं व्हायची होती. त्यांनी तो मला दिला होता आणि मी तो माझ्या प्रार्थनेच्या पुस्तकात इतकी वर्षं ठेवला. आता तिथे त्याची जागा रिकामी ठेवणार आहे, दुसरं काही ठेवणार नाही.

बशीही तुला, निळ्या काठाची, तीच. कागदात गुंडाळलेली आहे. एक टवका उडालेला आहे, तो तेव्हाचा. गेले चार महिने दौत त्यातच दूध पीत होती, म्हणून मी ती उकळून घेतली आहे. दौतला शिंप्यानं स्वतःच्या चहाच्या कपाची बशी दिली आणि आता तो चहा कपातूनच पितो, भाजत, बडबडत.

दौत खोक्यात नाही. ती कुणाकडे राहायची ते या वेळी मी ठरवणार नाही, आणि तूही एकटीनं ठरवू नकोस. मुंगीला विचार. ती शिंप्याकडेच राहू दे म्हणाली तर राहील, तुमच्याकडे हवी म्हणाली तर मी स्वतः टोपली मांडीवर घेऊन येईन, आणि सुट्टीत इथे भेटायचं म्हणाली तर ते तुझ्यावर आहे. फक्त तिनं उत्तर दिल्यावर लगेच उठू नकोस. थोडा वेळ तिच्याजवळ बस. विचारलं त्यापेक्षा जास्त ती काही बोलली, तर तेही ऐकून घे आणि मला लिही.

आई